तिघांचं पाणी

सासूबाई टेंभुर्णीहून जुन्या जालन्यात आमच्याकडे आल्या, त्या एक कपड्यांची पिशवी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तुळशीचं रोप घेऊन. तिकडे एकट्याच राहायच्या. हिवाळ्यात मोरीत पाय घसरून पडल्या आणि शेजारीण येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. म्हणून हातापाया पडून त्यांना आणलं. त्यांनी येतानाच अट घातली, "ही तुमच्या गच्चीवर लागली, तर मीबी राहीन. न्हाई लागली, तर मला जल्दी परत नेऊन सोडा."

माणसाने कुठे राहायचं हे रोपाने ठरवायचं? मला रागच आला. पण त्यांच्याशी वाद घालून कोण जिंकलंय! नवऱ्याने हौसेने रानातली पोतंभर काळी माती आणली. ज्या मातीत कापूस कमरेएवढा होतो, तिथे तुळस का नाही व्हायची, असं त्याचं म्हणणं.

पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. सासूबाईंची पिशवी कॉटखाली होती तशीच होती. रोज त्यातून एक लुगडं काढायच्या आणि धुऊन वाळलं की घडी घालून परत त्यातच ठेवायच्या. ती पिशवी बघितली की मला धडकी भरायची.

एका रविवारी गच्ची झाडताना कुंडीखालची थाळी काठोकाठ भरलेली दिसली. माझं डोकंच फिरलं. दोघांना वर बोलावलं आणि विचारलं, "हिला पाणी कोण घालतंय?"

"मी. सकाळी फिरून आल्यावर," नवरा म्हणाला. "तू विसरतेस म्हणून."

मी तर आंघोळ झाली की तांब्याभर घालतच होते, हा विसरतो म्हणून.

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "पूजा झाल्यावर मीबी घालून राह्यले. म्हणलं, तुमी दोघं नोकरीवाले, ध्यानात राह्यचं न्हाई."

ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत बसावं लागतं, तिथे आम्ही तिघांनी मिळून एक तुळस बुडवली होती. मला हसू आवरेना आणि रडूही फुटत होतं.

मी कुंडी उलटी करायला निघाले, तर सासूबाईंनी हात धरला. "आज रैवार हाय, तिला हात लावू न्हाई. थाळीतलं पाणी तेवढं ओतून दे." सोमवारी मात्र त्या माझ्या आधी गच्चीवर. मातीचा चिकट गोळा झाला होता आणि कुंडीचं भोक पार बुजलं होतं. "वृंदावनात कितीबी घाला, खाली जिरतंय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात कुठं जाईल बिचारं?" सडकी मुळं त्यांनी खुडली, अर्धी माती काढून तिच्या जागी वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं. मंजिऱ्याही खुडल्या. डोक्यावर एवढं वझं घेऊन ती जगंल कशी, असं त्या पुटपुटत होत्या.

नर्सरीवाल्याने मला एक खूण सांगितली होती. बोट पेरभर मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. मी ती सासूबाईंना सांगितली आणि तांब्या त्यांच्याच हातात दिला. नवऱ्याला गच्चीवर जायची बंदी.

पुढचे तीन आठवडे मी शाळेतून आले की चप्पल न काढता वर जायचे. काड्याच काड्या. मग एका संध्याकाळी जिना चढताना सासूबाईंचा आवाज आला. टेंभुर्णीच्या शेजारणीशी फोनवर बोलत होत्या. "व्हय, लागली की! खुडलं तिथं दोन दोन पानं आल्यात."

मी तिथेच पायरीवर बसले. हुश्श! इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने भाजी आणायला निघाले, तर सासूबाईंनी एक पिशवी पुढे केली. धुतलेली, रिकामी. कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्यांची लुगडी नीट रचलेली दिसत होती.

"ही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मला आता कशाला लागती?"