वैशूचं बिनचाकाचं मशीन

वैशूला जाऊन आज वर्ष झालं आणि मला अजून तिचा राग येतोय.

काम असं अर्धवट टाकून जातं का कुणी?

विचुंबे गावातल्या वर्कशॉपच्या गाळ्यात आम्ही दोघं पार्टनर. डोकं तिचं, कॉइल गुंडाळायचं काम माझं.

नेहमीच्या जनरेटरमध्ये इंजिन आधी चाक फिरवतं, मग वीज. वैशू म्हणायची, "मधलं चाक हवंय कशाला? पिस्टनलाच मॅग्नेट लावू. तो कॉइलमधून पुढे-मागे झाला की झाली वीज!"

करंजा बंदराहून तिचे वडील, नाना, बघायला आले. सगळा जन्म बोटीवर गेलेला माणूस. मशीनभोवती एक फेरी मारली.

"यात फिरतंय काय? कायच नाय? मंग लाइट कशी येनार गो?"

"येणार, नाना. पहिलं तुमच्याच बोटीवर लावते."

कुठलं काय! चाक नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये इंधनाचा एक स्फोट हुकला की पुढचा धक्का द्यायला कुणीच नाही. पिस्टन ठप्प. बल्ब लुकलुकायचा आणि विझायचा.

आणि ही बया गाळ्यात येरझाऱ्या घालणार. चहासुद्धा उभ्यानेच.

"अगं, बस ना जरा."

"चालू झालं की बसते."

खंडेनवमीला मशीनची पूजा केली. आज हात लावायचा नाही, म्हटलं. मी प्रसाद आणायला वळलो तर हिने हार बाजूला करून स्टार्ट मारलेला!

मग साधा ताप आहे म्हणाली, आणि हॉस्पिटलमधून परत आलीच नाही.

तेव्हापासून मी ते मशीन खोलतोय, जोडतोय. घरी मन लागत नाही, गाळ्यात बसवत नाही. शेवटी सापडलं. पिस्टनला मागे ढकलणारी हवा एका सीलमधून गळत होती. नवीन सील बसवलं.

आज नाना आले. "येकदा चालू कर. नाय झाला तर भंगारात दे. माज्यानं बगवत नाय."

स्टार्ट मारला. बल्ब लुकलुकला. मी सवयीने तो विझायची वाट बघत उभा.

विझला नाही.

चहा मागवला, आला, गार झाला. बल्ब चालूच.

आजवर हे मशीन आपणहून बंद पडायचं. आज पहिल्यांदा ते बंद करायची वेळ आली, आणि माझा हात स्विचकडे जाईना.

शेवटी नानांनीच बंद केलं. तापलेल्या मशीनवर हात ठेवून म्हणाले,

"झाला गो बाय. बस आता."

वैशू, बोटीवर मी लावतो. राग अजून आहेच.

शेवटचा नमस्कार घे.