थोडक्यात सांगितलेलं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. लिहायला बसल्यापासून नुसती उठबस चाललीय. गॅस बंद आहे का बघून आले, दार लावलंय का बघून आले. तुम्ही काय, ऐकून घ्याल. मलाच धीर होत नाही.

आधी सुनीताबद्दल सांगते. माझ्या धाकट्या भावाची, विजूची, ती बायको. आम्ही नांदेडचे. विजू अकरावी-बारावीला लातूरला क्लाससाठी राहिला, बोर्डात चमकला, चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा फोटो लागला, आणि पुढे इंजिनिअर होऊन जर्मनीत गेला. मी लग्न होऊन आधीपासूनच तिथे होते. सुनीता लातूरकडच्या भूकंपातल्या गावची. सहा-सात वर्षांची असताना घर अंगावर पडलं. आई-वडील गेले, धाकटी बहीण गेली, ही तेवढी ढिगाऱ्यातून निघाली. मामानं देवणीला वाढवली. आईला ती बघताक्षणी पसंत पडली — मुलगी शांत आहे म्हणून. शांत! आम्हाला तेवढंच दिसलं होतं.

जर्मनीत मुलगी झाली आणि सुनीताचं बिनसलं. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, खालून ट्राम जायची. ट्राम गेली की कपाटातली भांडी किणकिणायची, आणि ही बाळाला उचलून, अनवाणी, जिना उतरून थेट रस्त्यावर. भर थंडीत. पुढे पुढे तर बाळाला घरातच ठेवून एकटी उतरायला लागली. तेव्हा शेजारीण घाबरली आणि तिनं मला फोन केला.

मनाचे डॉक्टर तिथे सहजी मिळत नाहीत. विम्यात सगळं बसतं, पण नंबर लागायला महिनेच्या महिने जातात, आणि बोलणं समजावून सांगायला माणूस ज्याचा त्यानं आणायचा. सुनीताला तिथली भाषा येत नव्हती, विजूचं कामावर इंग्रजीतच भागायचं. मला येत होती — चांगली येत होती, आणि त्याचा मला तोराही होता. आपल्या लोकांपैकी कुणाचं कुठल्या ऑफिसात अडलं की मलाच बोलावत. मग दुसरं कोण जाणार? नंबर लागला त्या दिवशी निघताना विजू एवढंच म्हणाला की ताई, जरा सांभाळून सांग. काय सांभाळायचं, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज होती का?

डॉक्टर माझ्याहूनही लहान होती. काय होतंय ते तुमच्या शब्दांत सांगा, असं ती म्हणाली. आणि सुनीता — घरात जिचा आवाज कधी ऐकू यायचा नाही — ती बोलायला लागली. थांबेचना. ढिगाऱ्याखाली त्या दोघी बहिणी शेजारी-शेजारी अडकल्या होत्या. धाकटी पाणी मागत रडत होती. सुनीताला त्या रडण्याचा राग आला.

"गप बस म्हनले म्या तिला," ती म्हणाली. "आन ती गपच झाली, ताई."

आता स्वतःची मुलगी रडली की तोच राग येतो, तोच शब्द तोंडाशी येतो. मग आपल्याच हातांची भीती वाटते. या हातांत लेकराला घेऊच नये असं वाटतं. ओढणीनं नाक पुसत, हुंदके देत, ती किती वेळ सांगत होती.

मग डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं — लहानपणी भूकंपात आई-वडील गेले. गावची आठवण येते. झोप लागत नाही.

बस्स. एवढंच.

बाळाबद्दल काही म्हणाली का, असं डॉक्टरनं मुद्दाम विचारलं. सुनीता तेव्हा स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती. मी म्हणाले, बाळाला फार जपते.

डॉक्टरनं झोपेसाठी काहीबाही सुचवलं, रोज फिरायला जा म्हणाली, गरज वाटली तर पुन्हा या म्हणाली. बाहेर आल्यावर जिन्यात सुनीता थबकली.

"म्या तर लई बोलले. तुमी इतकंच सांगितलं का?"

मी म्हणाले, "त्यांच्या भाषेत थोडक्यातच होतं गं सगळं."

तिला ते पटलं. का नाही पटणार? मी मोठी नणंद, चार बुकं शिकलेली.

मी हे त्या लेकरासाठी केलं, असं नंतर कित्येक वर्षं मनाशी घोकत आले. तिथे आपल्या लोकांना धास्ती असतेच, की आईचं काही बिनसलंय असं कळलं तर सरकार मूल काढून नेतं. पण खरं सांगू? त्या खोलीत हे माझ्या डोक्यातही नव्हतं. ते घरी आल्यावर सुचलं. खोलीत मला फक्त लाज वाटत होती. तिच्या नाक पुसण्याची, त्या गावरान बोलण्याची, तिच्या रडण्याची. ही डॉक्टर आम्हाला कसली माणसं समजेल — तिच्या एवढ्या बोलण्यात मी हाच विचार करत होते.

वर्षभरात ते दोघं परत गेले. विजूनं लातूरला फिजिक्सचा क्लास काढला, तो जोरात चालतो. मुलगी मात्र नांदेडला, माझ्या आईकडे वाढली. सुनीतानंच ती आईच्या ओटीत टाकली. आता सणासुदीला येते, लेकीसाठी डबे भरून आणते, आणि तिच्याशी उंबऱ्यात उभी राहून बोलते. जवळ घेत नाही. मुलीला वाटतं, आपण आईला आवडतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी नांदेडला गेले होते. सगळे बसलो असताना आईनं विषय काढला, की गावात मनाच्या आजाराच्या चांगल्या डॉक्टरीणबाई आल्यात, एकदा दाखवून बघ. सुनीता हसली.

"कशाला? तिकडच्या मोठ्या डॉक्टरला समदं सांगून झालंय माझं. तिनं ऐकून घेतलं आन फिरायला जा म्हनली. तिलाच काय वाटलं न्हाई, तर हितं काय वाटनार? माझा सभावच तसला हाय." मग ती माझ्याकडे वळली. "ताई व्हत्या की संगं. इचारा त्यांना."

आईनं माझ्याकडे बघितलं. मुलगीही बघत होती.

मी हो म्हणाले.