सहभोजनाचा देखावा

"अरे, तू इथं कुठं बसलास? तुमचं बाहेर केलंय."

साहेबांच्या बाई माझ्या पानासमोर उभ्या होत्या. हातात श्रीखंडाचं भांडं. आवाज अगदी गोड. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, निदान उलटून बोलता आलं असतं. माझ्या पानात मीठ वाढून झालं होतं, लिंबाची फोड आली होती. शेजारचे गृहस्थ मुद्दाम दुसरीकडं बघायला लागले. आणि मी उठलो. 

ही बहारीनमधली गोष्ट, नव्वदच्या दशकातली. मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपात मी वेल्डर होतो. साहेब म्हणजे आमचे चीफ इंजिनियर, पुण्याचे. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही तेच. आमचे पासपोर्ट त्यांच्या केबिनमधल्या कपाटात असत. सुट्टी त्यांच्या सहीवर, व्हिसा त्यांच्या शब्दावर.

मंडळ दरवर्षी अण्णांची जयंती करायचं. अण्णा आमच्या जिल्ह्याचे पुढारी. इंग्रजांच्या तुरुंगात वर्षं काढलेली. बाहेर आले की गावोगाव सहभोजनं घालायचे. ब्राह्मण, मराठा, मुसलमान, महार, सगळे एका ओळीत. आमच्या गावात घातलं तेव्हा महारवाड्यातून एकटा माझा बाप गेला, बाकीचे भ्याले. अण्णांनी त्याच्या पानात भात वाढला आणि त्याच्या शेजारी मांडी घालून जेवले. पुढं गावानं बापाचं काम तोडलं. पोटासाठी त्याला मुंबईच्या गोदीत जावं लागलं. तरी म्हातारा मरेपर्यंत त्या जेवणाचंच सांगायचा. स्वातंत्र्य म्हणजे काय ते त्याला त्या भातात कळलं होतं.

म्हणून साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

"तुझं गाव अण्णांच्या भागातलं ना? यंदा आपण सहभोजनाचा देखावा करतोय. अ‍ॅम्बॅसडर येणारेत. तू बस त्यात."

आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पात मराठी बोलणारे पुष्कळ होते. मलाच का, हे मी विचारलं नाही. आडनावावरून निवडलं होतं, हे डोक्यात फार उशिरा शिरलं.

शुक्रवारी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हॉलवर गेलो. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे नको. जरा ऑथेंटिक दिसायला हवं ना."

एक फाटकं धोतर दिलं. वर उघडं अंग. मग कुणीतरी काळा रंग आणून माझ्या तोंडाला, खांद्यांना फासला. मी मुळात काळाच. तरी फासला. मी लावून घेतला. बापासाठी चालेल म्हटलं.

पडदा उघडला. बँकेतले एक अधिकारी अण्णा झाले होते. भात म्हणून कापूस होता. तो त्यांनी माझ्या पानात वाढला आणि शेजारी मांडी घातली. माइकवर कुणीतरी अण्णांचे समतेचे विचार वाचत होतं. टाळ्यांनी हॉल दणाणला. माझे डोळे भरून आले. लाज वाटते सांगायला, पण खरंच भरून आले. बाप असाच बसला असेल, असं वाटलं मला.

मग तोंड धुतलं, माझा शर्ट घातला. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. केळीची पानं विमानानं मागवली होती. अण्णांच्या पद्धतीची पंगत, असं निमंत्रणातच छापलं होतं. मी टोकाच्या पानावर बसलो. आणि बाईंनी मला उठवलं.

बाहेर पार्किंगमध्ये कंपनीच्या बसचा ड्रायव्हर हसनभाई फॉइलच्या पाकिटातून पुरीभाजी खात होता. श्रीवर्धनचा माणूस. दुसरं पाकीट त्यानं माझ्यापुढं केलं. मी घेतलं नाही.

"जेव रे. कशाला जिवाला लावून घेतोस? पासपोर्ट कोनाकडं हाय आपला?"

खरंच होतं ते. मी बसमध्ये जाऊन बसलो. कानामागं राहिलेला रंग घामाबरोबर गळ्यावर उतरला. रडू येत होतं, राग येत होता, आणि करता काहीच येत नव्हतं. पुढच्या फोनवर आईला सांगितलं, अण्णांची जयंती झकास झाली. दुसरं काय सांगणार होतो तिला?

वर्षभर वेल्डिंगच्या काचेआड मी बाईंना उत्तरं देत होतो. एकाहून एक उत्तरं. ऐकणारं कुणी नव्हतं.

मग साहेबांनी पुन्हा बोलावलं.

"यंदा परत तूच हं. लोकांना फार आवडला होतास."

"साहेब, जेवायला कुठं बसायचं?"

साहेब हसले. "अरे, आत फॅमिलीज असतात. समजून घे."

"मग मी देखाव्यात नाही बसत."

माझा आवाज चिरका निघाला. शौर्यबिर्य काही नव्हतं त्यात. साहेब समोरचे कागद चाळायला लागले. वर न बघताच म्हणाले, "तुझा व्हिसा रिन्यूअलला आलाय ना? बघू."

बघितलं त्यांनी. व्हिसा खलास. देखावा मात्र थांबला नाही. माझ्या जागी कॅम्पातला लातूरकडचा एक जण बसवला. मी त्याला आधीच सांगितलं, जेवायला आत घेणार नाहीत. तो म्हणाला, "मला सुट्टी पायजे, भाऊ. बायको बाळंत व्हायचीय." त्याला कुठल्या तोंडानं अडवणार? तो रंग लावून बसला आणि बाहेर जेवला.

मी गावी परत आलो. नोकरी गेली, बहिणीचं लग्न अडलं. तिकडं कुणाचं काही बिघडलं नाही. बहारीनच्या मंडळानं अण्णांचा वारसा कसा जपला, याचं कौतुक इथल्या एका पेपरात छापून आलं. वर पहिल्या वर्षीचा फोटो. त्यात मी आहे, उघडा, काळा फासलेला. खाली अण्णा झालेल्या अधिकाऱ्याचं नाव आहे. माझं नाही.

आता एक ठरवलंय. अण्णांच्या नावानं जिथं पंगत बसेल तिथं मी जाणार. बोलावलं नाही तरी जाणार. जेवायला बसणार. कुणी ऊठ म्हणालं तर विचारणार, का? सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारणार. कारण सांगितल्याशिवाय मी जागचा हलणार नाही. उठवायचंच असेल तर त्यांना मला उचलावं लागेल. आणि उचलायचं तर शिवावं लागेल.