आप्पा अंगणातले ब्लॉक काढतात तेव्हा

हिंडलग्याच्या आमच्या घरापुढचं अंगण पावसाळ्यात नुसतं चिखल व्हायचं. दोन वर्षांपूर्वी आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथंच घसरून पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. मी सरळ काँक्रीट ओतून मोकळा होणार होतो. गवंडी म्हणाला, "काँक्रीट कशाला साहेब? पेव्हिंग ब्लॉक घाला. पाय घसरत न्हाय, पाणी फटीतनं खाली मुरतंय. पाईप फुटली तर फोडाफोडी न्हाय. चार ब्लॉक काढायचे, परत बसवायचे."

काम चालू असताना आप्पा खुर्ची टाकून बघत बसले. खाली खडी, वर दगडाची बारीक कच, त्यावर एकात एक अडकणारे वाकडेतिकडे ब्लॉक.

"सिमेंट कुठाय रं?" त्यांनी गवंड्याला विचारलं.

"लागत न्हाय आप्पा. कडेला तेवढं. बाकी एकमेकाला धरून ऱ्हात्यात."

आप्पांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते पटलेलं दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षभरात त्यांचा विसराळूपणा वाढला. जेवून हात धुतला की विचारायचे, "जेवण कधी?" डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. त्यामुळे एका संध्याकाळी ऑफिसातून आलो आणि समोरचं बघून घाबरलोच. दहाएक ब्लॉक उपसून बाजूला रचलेले आणि आप्पा गुडघे टेकून खालची कच चाचपत होते.

"आप्पा, काय करालाय?"

"बघालोय. पाणी कुठं जातंय त्ये."

मी ओरडलो. दंडाला धरून त्यांना उठवलं. आवाज ऐकून बायको बाहेर आली. ती आप्पांना मामा म्हणते. "मामा काल पण काढत होते," ती म्हणाली. "परत जागच्या जागी बसवले. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय."

मी काहीच सांगितलं नव्हतं. उपसलेले ब्लॉक नीट बसवायला दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. त्यानं कच हातात घेतली आणि थांबला. आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता, तरी कच ओली होती. थोडं उकरल्यावर नळाची पाईप दिसली. सांध्यात गळत होती.

"अजून महिनाभर गेला असता तर लई खचलं असतं," तो म्हणाला. तासाभरात सांधा बदलून झाला. तेच ब्लॉक परत बसले, एकही फुटला नाही.

मी आप्पांजवळ जाऊन बसलो. आदल्या दिवशी ओरडल्याची लाज वाटत होती. "पाईप गळतीय हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुठली पाईप?"

त्यांनी ओल हेरली होती, की हाताला चाळा म्हणून ब्लॉक काढले होते? बायको म्हणते हेरली होती.

आप्पा अजूनही कधीकधी ब्लॉक काढतात. त्यांना थांबवावं की खाली काय आहे ते आपणही वाकून बघावं, माझं काही ठरत नाही. तोवर ते परत बसवून मोकळे होतात.