नर्सबाईंची परसबाग

नर्सबाई निवृत्त झाल्या, पण वॉर्डातली फेरी काही सुटली नाही. आता ती परसात सुरू होती. उन्हाळा कोरडा ठणठणीत, नळाला पाणी दिवसाआड. बाईंनी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी काठी रोवून सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगली होती. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी गाळून त्यात भरायचं आणि नळीतून थेंब थेंब सोडायचं. थेंब थांबला की बाईंचा जीव वरखाली. हातातला घास टाकून उठायच्या.

"अगं, झाडं आहेत ती, पेशंट नाहीत," शिलाई मशीनवरून मान न उचलता नवरा म्हणायचा. तो शिंपी. बसला की बसला.

"तुम्हाला काय कळतंय! टोमॅटोनं माना टाकल्यात."

तेवढ्यात लेकीच्या बाळंतपणाचं बोलावणं आलं. बाई गेल्या, पण मन परसातच. तान्ह्या नातीला मांडीवर घेऊनही त्यांचा फोन चालूच. "बाटल्या भरल्यात ना?"

"सगळं ठीक आहे."

'ठीक' या शब्दानंच त्या अस्वस्थ झाल्या. वॉर्डात हा शब्द त्यांनीही कितीदा उगाच वापरला होता. नात महिन्याचीही झाली नव्हती, तोच लेक वैतागून म्हणाली, "आई, तू जा बरं घरी. तुझ्या येरझाऱ्यांनी बाळ झोपत नाही."

घरी आल्या त्या थेट परसात. बाटल्या कोरड्या. टोमॅटोची जागा रिकामी. बाकीच्या झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचे ढीग.

"हे काय केलंत?"

शिंप्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "खोटं बोललो. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलं. बाटल्या कोण भरत बसणार? टोमॅटो वाळले, ते उपटले. बाकीच्यांना मधूनच एखाद्या दिवशी उन्हं उतरल्यावर बादलीभर ओतायचो. कचरा उचलायचा कंटाळा आला, तो बुंध्याशी ढकलला."

डाळिंबाजवळ उकिडवं बसून बाईंनी पाचोळ्यात बोटं खुपसली. वरची पानं कुरकुरीत, पण खालची माती गार, ओलसर. लिंबाखालीही तशीच. डाळिंबाला तर नवी तांबूस पालवी.

"रोज घोटघोट पाजत होते मी," त्या पुटपुटल्या. "ते वरच्यावरच उडून जायचं. मुळांपर्यंत पोचतच नव्हतं."

"टोमॅटोचं मात्र चुकलं माझं."

"चुकलंच. आणि वर खोटं बोललात."

बाईंनी बाटल्या काढून माळ्यावर टाकल्या. मग खुर्चीत बसून पाहिलं, पण छे! क्षणभरही बूड टेकेना. शेवटी पोतं आणि खराटा उचलून त्या फाटकाबाहेर पडल्या. रस्त्याच्या कडेला वाळक्या पानांचा खच पडला होता, आणि झाडूवाला तो पेटवायच्या बेतात होता.

"अहो, थांबा!" बाई रस्ता ओलांडत ओरडल्या. "काडी लावू नका!"