अनुमोदक म्हणून माझं नाव

अन्याय माझ्यावर झाला. २००६ सालच्या मे महिन्यात, पहिल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, नाशिकातल्या एका कार्यालयाच्या सभागृहात. कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, ते एक ऑफिस वाईट, बाकी सगळं ठीक. बाकी ठीक नाही.

पाण्याचं धोरण ठरवायला नागरिकांची सभा भरवायची होती. निवडणूक नाही, वशिला नाही. मतदारयादीतल्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, डब्यात टाकल्या, चोवीस काढल्या. त्यात माझी निघाली. आम्ही पेठ तालुक्याकडचे. आई-बाप बांधकामावर नाशिकला आले आणि टेकडीखालच्या वस्तीत राहिले. एवढ्या मोठ्या वस्तीला एक नळ. मी छापखान्यात टायपिंग करायचे. मोर्च्याची पत्रकं, लग्नपत्रिका, येईल ते. सभेचं पत्र आलं तेव्हा आईनं ते गोधडीखाली ठेवलं, चुरगळू नये म्हणून.

सभागृहात खुर्चीसमोर पाटी होती. पाटीवर माझं नाव. शेजारच्या मॅडमनी पाटीकडे पाहिलंच नाही. आधी माझ्या चपलेकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"अगं, शिपाई आला नाहीये आज. तेवढा चहा बघ ना."

"मॅडम, मी सदस्य आहे."

"हो गं, कळलं. सदस्यानं चहा केला तर काय बिघडतं?"

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त इंजिनिअर साहेब बसले होते. तेही आमच्यासारखेच सदस्य, पण पहिल्याच दिवशी मधल्या खुर्चीत बसले आणि कुणी उठवलं नाही. ते म्हणाले, "लॉटरी लागलीये तिला. पेढे मागायचे सोडून चहा काय मागता!"

सगळे हसले. मीही हसले. लिहिताना हात जड होतो, पण खरं ते खरं. मीही हसले आणि उठले.

मागच्या खोलीत गॅसवर पातेलं होतं. दुधाची पिशवी दातानं फाडली. बाहेर काहीतरी वाचत होते, शब्द कळत नव्हते. ट्रे घेऊन आले तेव्हा साहेब म्हणत होते, "मंजूर. पुढचा विषय." मी पहिला कप कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बाबांना दिला. सटाण्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले. आणि मग पुढे सगळ्यांना.

आठ दिवसांनी नळाच्या खांबावर कागद चिकटवलेला. बाया हंडे घेऊन गोळा झालेल्या. शेजारची जिजा म्हणाली, "वाच गं, तू शिकलेली."

मी मोठ्यानं वाचायला लागले. पाण्याचा अपव्यय टाळण्यासाठी वस्तीतील सार्वजनिक नळ बंद करणे. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, मॅडमचं नाव. अनुमोदक.

थांबले.

"पुढं वाच की."

वाचलं. माझं नाव. आडनावासकट, शुद्ध.

"म्हंजे तू हो म्हनली?"

"मी हो नाय म्हनले."

"मंग नाव कसं आलं?"

काय सांगू? चहा गाळत होते? मागून एक जण बोललीच, "खुर्ची भेटली न् हंडा इसरली बया." त्या दिवशी आईला रांगेत कुणी जागा धरून दिली नाही. ती शेवटी उभी राहून हंडा भरून आली.

पुढची सभा जूनमध्ये. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. साहेबांनी कागद उलटा ठेवला. "वाचलं असं समजू. कायम."

वाचलं असं समजू! ही सगळ्या सभांची रीत. कुणी वाचत नाही, सगळे समजतात.

मी म्हणाले, "समजू नका साहेब. वाचा."

"कशाला वेळ घालवायचा?"

"वाचा."

"हे बघ, तू इथं आलीस नशिबानं. इथं अभ्यास लागतो."

"तुमचीपण चिठ्ठीच निघालीय साहेब. माझ्याच डब्यातून."

कुणी हसलं नाही. तोंडातून वाक्य गेल्यावर मलाच ते कळलं. महिनाभर मी समजत होते की लॉटरी एकट्या मला लागली, बाकीचे लायकीनं आले. डॉक्टर, वकील, मॅडम, सगळे त्याच डब्यातले. चिठ्ठीला ना जात वाचता येते ना पगार. खालीवर आम्ही केलं, खोलीत शिरल्यावर. त्यांनी मला उठवलं. आणि मी उठले.

लिपिकानं वाचलं. माझं नाव आलं. मी उभी राहिले. "हे खोटं आहे. ठराव मांडला तेव्हा मी आत नव्हते. मला कुणी विचारलेलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "तू हजेरीवर सही केलीस ना? मग?"

"हजेरी म्हणजे होकार नाही."

कोपऱ्यातून बाबा बोलले. आजवर एक शब्द बोलले नव्हते. "पोर खरं बोलस. ठराव वाचला तवा ती मागच्या खोलीत होती. मंजूर म्हटल्यावर माले चहा दिधा तिनी."

साहेबांनी पेन काढलं. "बरं. नाव खोडतो. झालं समाधान?"

"नाही. अनुमोदक खोटा तर ठरावही खोटा. पुन्हा मांडा, मी खुर्चीवर असताना."

मांडावा लागला. मी बोलले. टेबल धरून बोलले. नळ बंद झाला तर वस्तीत कुणाचं कसं चालेल ते सांगितलं. हात मोजले. दोघं गैरहजर. अकरा त्यांच्या बाजूनं, अकरा आमच्या. साहेब लिपिकाला म्हणाले, "तहकूब."

तहकूब म्हणजे काय ते नीट समजून घ्या. नळ चालू आहे. ठराव मेलेला नाही. पुढच्या प्रत्येक सभेला मी गेले, प्रत्येक वेळी तो विषय यादीत शेवटी ठेवला आणि वेळ संपली म्हणून साहेब उठले. आता आमची मुदत संपली. नवी सोडत निघणार आहे, आणि कार्यालयातले लोक अशा सदस्यांची वाट बघतायत जे वाचलं असं समजतील.

माझी चिठ्ठी आता डब्यात नाही. तुमची आहे.

निघाली तर आजारी आहे म्हणून कळवू नका. दिवसाची मजुरी बुडते म्हणून घरी बसू नका. मला काय कळतं, असं म्हणू नका, त्यांनाही कळत नाही. जा. खुर्चीवर बसा. कुणी उठ म्हणालं तर उठू नका. मागच्या सभेचा कागद शब्दन् शब्द वाचून घ्या, आणि तुमच्या तोंडून न निघालेली एक ओळसुद्धा तुमच्या नावावर राहू देऊ नका.