पडलेल्यांची एसटी

आमच्या गावात लाल बावट्याला मत कोण देतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बौद्धवाड्यातली काही घरं, गायरान कसणारी काही कुटुंबं, आणि सगळ्यांच्या पुढं माझे वडील. गायरानाच्या पट्ट्यांसाठी तरुणपणी तहसीलसमोर बसले होते, तेव्हापासून गाव त्यांना कामरेड म्हणायचं. निम्मं मानानं, निम्मं चेष्टेनं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

त्या विधानसभेच्या मतदानाला मी लातूरहून गावी आले होते. तिथल्या एका क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवते. लाल बावट्याचा उमेदवार निवडून येणार नाही, हे त्याचं त्यालाही माहीत होतं. खरी लढत दोन मोठ्या पक्षांची. त्यातला एक आम्हाला मुळीच नको होता, दुसरा चालण्यासारखा होता. मी त्या चालण्यासारख्याला मत दिलं. अण्णांनी बावट्याला.

निकाल लागला. चालण्यासारखा पडला, आणि तेही अगदी थोडक्यात. लाल मतं त्याच्या पारड्यात गेली असती, तर गुलाल त्याच्या अंगावर पडला असता.

किराणा दुकानवाले अप्पा हे त्या पडलेल्या पक्षाचे गावातले खंदे कार्यकर्ते. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, आवाज असा की मारुतीच्या पारापर्यंत ऐकू यावा. ते अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून दोघं एकच पेपर अर्धा अर्धा वाटून वाचायचे. निकालानंतरच्या सकाळी अण्णा पायरीवर टेकायला गेले, तर अप्पा कडाडले.

"उठा कामरेड! तुमच्या लाल मतांनी आमचा माणूस पाडला. भोगा आता पाच वर्सं!"

"मत माझं व्हतं, अप्पा."

"माझं माझं काय लावलंय? तुमच्या पायी कोण निवडून आला ते बघा की!"

अण्णा तसेच घरी आले. जेवताना मीही बोलून गेले, "अण्णा, अप्पांचं चुकलं काय?"

भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला. "तुजा माणूस मत मागायला आपल्या गल्लीत आलता का?"

"नाही."

"आमचा आला. पडणार म्हाईत असून आला."

"पण जो निवडून आला, त्याचा त्रास आपल्यालाच होणार ना?"

"हाव. त्यातला माजा वाटा मी न्हाई म्हणत न्हाई," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण मत एका दिसाचं असतंय, आमदार पाच वर्साचा. त्याच्याकडून काम करून घ्यायला आपल्याला कुणी अडवलंय?"

मला ते पडलेल्या माणसाचं समाधान वाटलं. मी लातूरला निघून गेले.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत आले, तेव्हा गावात एकच विषय होता. सकाळची एसटी बंद झाली होती. तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या साऱ्या पोरी त्याच गाडीनं जायच्या. जीपमध्ये पुरुषांच्या मांडीला मांडी लावून पाठवायला घरचे तयार नव्हते. अप्पांची नात बारावीला होती. तिचंही दप्तर खुंटीला लागलं होतं.

निकालानंतर पहिल्यांदाच अण्णा दुकानाच्या पायरीवर गेले. मी सोबत होते.

"अप्पा, भांडण मागून करू. आधी गाडी आणू."

"तुमच्याच कृपेनं आलेला आमदार हाय. मागा त्याला."

"मागतो की. पण माज्या मतापायी तुमच्या नातीनं का घरी बसायचं?"

अप्पांनी तराजू बाजूला सारला. मग उठले आणि भर बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं.

पोरी, त्यांच्या आया, अण्णा, अप्पा आणि मी असे टेम्पोत बसून तालुक्याच्या आगारात गेलो. निवडून आलेल्या पक्षाचा गावातला कार्यकर्ताही आला; त्याची बहीण कॉलेजात होती. आगाराचे साहेब सरळ माणूस. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "ड्रायव्हर कमी आहेत. आमदारांनी वर शब्द टाकला तर फेरी मिळेल."

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाई," अप्पा म्हणाले.

"मी ठेवतो," अण्णा म्हणाले. "माजाबी आमदार हाय त्यो."

शेवटी अप्पाही आमदारांच्या बंगल्यापर्यंत आले, पण फाटकाशी पाठ फिरवून उभे राहिले.

बाकीचे आम्ही पोरींना घेऊन आत गेलो. आत गर्दी होती. आमदारांच्या माणसानं अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मत कुणाला दिलं होतं, बाबा?"

"लाल बावट्याला."

गर्दीतली माणसं वळून बघायला लागली.

"मग इथं कशाला आलाव?"

"निवडून तुमी आलाव म्हणून."

खुर्चीतले आमदार हसले. तेवढ्यात अप्पांची नात पुढं झाली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "साहेब, पुढच्या इलेक्शनला आम्हा सगळ्यांचं मतदान आहे."

हसणं थांबलं. आमदारांनी फोन मागवला.

सुट्टी संपून कॉलेज उघडलं आणि गाडी सुरू झाली, त्या सकाळी सारा गाव फाट्यावर लोटला होता. हलगी वाजत होती. वळणावर लाल एसटी दिसली तशा पोरी एका सुरात ओरडल्या, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमदार हिरवी झेंडी घेऊन हजर होते. नारळ मात्र अप्पांनी कुणाला फोडू दिला नाही. त्यांनी तो बंपरवर असा आपटला की पाणी थेट आमदारांच्या कडक इस्त्रीवर उडालं.

"मोठेपणा तर त्योच घ्यायलाय," अप्पा पुटपुटले.

"घेऊ द्या. पोरी बसल्या ना गाडीत?"

मी त्याच गाडीनं लातूरला निघाले होते. हे दोघे काही काम नसताना तालुक्यापर्यंत आले, पहिल्या बाकावर, ऐटीत, नवरदेवासारखे. गाव मागं पडायच्या आत त्यांची जुंपली.

"तरी मतं तुमीच फोडली, कामरेड."

"पुढच्या बारीला तुमच्या माणसाला आमच्या गल्लीत धाडा. मागू तर द्या त्याला."

"आणि मागितलं तर देताव का?"

"चहा तर नक्कीच देतो!"

मागच्या बाकावरच्या पोरी खिदळल्या. कोणाचं बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. कंडक्टर दोघांच्या मध्ये तिकिटाचं मशीन धरून उभा होता, आणि त्याच्याकडं बघायला दोघांपैकी एकालाही सवड नव्हती.